आईच्या उबेचं अंदाजपत्रक

आमच्या घरात अंदाजपत्रकाशिवाय काडीसुद्धा पेटत नाही, हे सुरुवातीलाच नमूद करणं आवश्यक आहे. याचं श्रेय माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. दादा लेखापरीक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या खर्चावर हरकती काढायचा त्याला पगार मिळतो. घरात हेच काम तो विनावेतन करतो. मी कुटुंबाचा मानद चिटणीस आहे. म्हणजे दादा बोलतो ते मी लिहून घेतो, आणि पुढे वाद झाला की मी लिहिलेलं चुकीचं ठरतं.

तर यंदाच्या थंडीत आईची छाती भरली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि घरातल्या सर्वांत लहान, उत्तरेकडच्या खोलीत राहते. ऊन येतं ती खोली पाहुण्यांसाठी राखीव आहे. पाहुणे येत नाहीत, पण उद्या आलेच तर पंचाईत नको. डॉक्टरांनी आईला तपासलं, खिडकीच्या फटीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "औषध देतो, पण नुसत्या औषधाने भागणार नाही. ही खोली उबदार ठेवा. अशीच राहिली तर हा हिवाळा त्यांना जड जाईल."

"जड म्हणजे साधारण किती?" दादाने विचारलं.

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं, बॅग बंद केली, फी घेतली आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी विजेचा हीटर आला. आम्ही काही अगदी हे नाही. दोन हजार वॅटचा, खाली चाकं असलेला, उत्तम हीटर. खोका आईच्या पलंगाशी ठेवला. आईने त्यावर आपला चष्मा, गोळ्यांची डबी आणि पाण्याचं भांडं मांडलं आणि आम्ही तो खोका उघडण्याची वाट पाहू लागली. पण दादाने हात वर केला.

"हीटर घेणं हा भांडवली खर्च," तो म्हणाला. "तो एकदा होतो आणि संपतो. हीटर चालवणं हा आवर्ती खर्च. माणसं बुडाली ती आवर्ती खर्चात बुडाली. आधी अंदाज काढू, मग बटण दाबू."

"किती वेळ लागेल रे?" आईने शालीतून विचारलं.

"अंदाजाला का? तो काय, आत्ता होतो."

पहिली बैठक त्याच संध्याकाळी भरली. दादा, वहिनी, मी, आमची ही आणि दादाची मुलगी, जी पदार्थविज्ञान शिकते म्हणून तिला तांत्रिक सल्लागार नेमलं. आमची धाकटी बहीण दूरच्या शहरात असते. आईच्या खर्चाचा तिसरा हिस्सा ती पाठवते आणि मतं फुकट पाठवते. ती फोनवर हजर होती.

"दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट," पुतणी म्हणाली. "गुणिले तास, गुणिले दर. झालं."

"तास किती?" दादाने विचारलं. ते कोणालाच सांगता येईना, म्हणून तो आईकडे वळला. "आई, तुला दिवसातून किती तास थंडी वाजते?"

"अरे, थंडी काय घड्याळ लावून येते का? येते आणि बसते माझ्या उरावर."

'संबंधितांकडून माहिती उपलब्ध झाली नाही,' असं मी लिहून घेतलं. मग दराचा प्रश्न निघाला. विजेचं असं आहे की ठरावीक युनिटांपर्यंत दर कमी, मर्यादा ओलांडली की पुढचे युनिट महाग. आमचं घर गेली कित्येक वर्षं त्या मर्यादेच्या काठावर उभं आहे. हीटर लागला की आम्ही पलीकडे पडणार, हे स्पष्ट होतं. प्रश्न एवढाच की पाडलं कोणी, असं समजायचं?

"हीटरने," वहिनी म्हणाल्या. "तोच नवा आहे."

"असं कसं?" आमची ही म्हणाली. "फ्रिज, ओव्हन सगळे मिळूनच मर्यादा भरते ना? दोन दोन तास ओव्हन चालतो तुमचा."

"ओव्हनमधलं सगळे खातात हो! केस वाळवायचं यंत्र मात्र एकाच डोक्यासाठी चालतं."

"म्हणजे माझे केस डोळ्यांत आले का तुमच्या?"

पुतणीने तेवढ्यात प्रत्येक उपकरणाचा हिशेब मांडला आणि जाहीर केलं की या घरात सगळ्यांत जास्त वीज खातो तो तिच्या बाबांचा, म्हणजे दादाचा, आंघोळीचा गिझर. दादा आत शिरला की अर्धा तास बाहेर येत नाही. दादाने घसा साफ केला. तो विषय विषयपत्रिकेवर नसल्यामुळे चर्चेला घेता आला नाही.

फोनमधून धाकटी कडाडली. "शी! जन्मदात्या आईसाठी युनिटं मोजताय? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा!"

"बरोबर आहे तुझं," दादा म्हणाला. "मग सरसकट चालू करतो."

"करा की! लगेच करा!" धाकटी म्हणाली आणि क्षणभर थांबली. "माझ्या हिश्शाला साधारण किती येईल?"

तेव्हा अंदाज लागेल, यावर सर्वांचं एकमत झालं. आईला त्या रात्री दोन रजया आणि माझा जुना स्वेटर मंजूर करण्यात आला.

यानंतरच्या बैठकांचा तपशील देऊन मी वाचकांना छळत नाही. खोलीच्या भिंतींची जाडी मोजली. खिडकीतून किती ऊब निसटते ते पाहायला तिथे उदबत्ती धरली. वहिनींनी सुचवलं की फट कागदाने बुजवावी, पण फट बुजवली तर अंदाज नव्याने काढावा लागेल, म्हणून ती तशीच राखण्यात आली. मधल्या काळात आईचा खोकला वाढला. ती खोकली की दादा म्हणायचा, "चाललंय आई, तुझंच चाललंय."

शेवटी आमची ही वैतागून म्हणाली, "अहो, कागदावर कसली आकडेमोड करताय? एक संध्याकाळ लावून पाहा ना! मीटर किती फिरतो ते कळेल. वरातीमागून घोडं नाचवण्यापेक्षा बरं."

ही कल्पना दादाला पटली. वास्तविक ती मीच सुचवणार होतो. प्रत्यक्ष चाचणीचा ठराव झाला, खोका उघडला आणि दादाने बटण दाबलं. हीटर हळूहळू तापू लागला. आईने दोन्ही हात पुढे केले आणि डोळे मिटून घेतले. त्या वेळी तिचा चेहरा पाहून मला आतून फार बरं वाटलं, हे मी सरळ सांगतो.

आता झालं असं की मीटर बाहेर, जिन्यात आहे. मी तिथे उभा राहून आकडे ओरडत होतो, पुतणी आत लिहून घेत होती. आवाज ऐकू यावा म्हणून घराचं दार आणि खोलीचं दार, दोन्ही सताड उघडी. ऊब जिन्यात येऊ लागली. वरच्या मजल्यावरचे शिक्षक खाली उतरताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "छान वाटतंय हो इथे." हा प्रकार दादाच्या लक्षात आला तेव्हा त्याने दारं लावून घेतली आणि सगळ्यांना आत बोलावलं.

आत आल्यावर मात्र कोणाचाच पाय निघेना. सगळ्या घरात तीच एक खोली उबदार. वहिनी शेंगा सोलायला घेऊन बसल्या. आमची ही शिवण घेऊन बसली. पुतणी अभ्यासाला, दादा फायलींना. खुर्च्या हीटरभोवती लागल्या. त्यात आईचा पलंग अडचण करू लागला म्हणून तो थोडासा, तात्पुरता, खिडकीकडे सरकवला.

"आई, कसं वाटतंय?" दादाने फायलीतून विचारलं.

"बरं वाटतंय रे. खरंच बरं वाटतंय. किती दिवसांनी सगळे बसलात."

दादाने पेन खाली ठेवलं. "बरं वाटतंय, पण कशाने? हीटरमुळे की आपण बसल्यामुळे?"

"हा प्रश्न शास्त्रीय आहे," पुतणी म्हणाली. "माणूससुद्धा ऊब सोडतो. नुसता बसला तरी शंभर वॅट. आपण पाच जण, म्हणजे पाचशे. चाचणी बिघडलीच म्हणायची."

हे ऐकून दादा उठून उभा राहिला. मी त्याला इतका हललेला फक्त एकदा पाहिलाय, त्याला बढती मिळाली तेव्हा. त्याने हीटर बंद केला, दार ओढून घेतलं आणि आम्हाला हलू नका म्हणून सांगितलं. आम्ही बसून राहिलो. बराच वेळ गेला तरी भिंतीवरचा थर्मामीटर फार उतरला नाही.

"पाचशे वॅट!" दादा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "आपल्या घरात पाचशे वॅट इतकी वर्षं विनावापर पडून आहेत! आणि आपण वीज विकत घ्यायला निघालो होतो!"

अशा रीतीने हीटर पुन्हा खोक्यात गेला आणि घरात पाळ्या लागल्या. एका वेळी किमान तीन माणसं आईच्या खोलीत, असा नियम झाला. जेवण तिथेच, अभ्यास तिथेच, भांडणंही तिथेच. उलट भांडणात माणूस जास्त ऊब सोडतो असं पुतणीचं म्हणणं पडल्यामुळे ओव्हन आणि केसांचा विषय दादा अधूनमधून मुद्दाम काढू लागला. मला मधेच ताप आला, तेव्हा माझी तातडीने रात्रपाळीवर बदली करावी अशी सूचना त्याने मांडली. "अहो, आईंना लागण झाली तर?" वहिनी ओरडल्या. मग डॉक्टर येणार, त्यांच्या फीची तरतूद नाही, म्हणून सूचना बारगळली.

धाकटीचा प्रश्न बिकट होता. तिच्या नावावर शंभर वॅट थकले होते. "मी रोज व्हिडिओवर बोलेन ना आईशी," ती म्हणाली. पुतणीने मोबाइलच्या मागे हात लावून पाहिला आणि फोनमधून मिळणारी ऊब नगण्य असल्याचा अभिप्राय दिला. थकबाकी वाढतच गेली.

आई मात्र पार बदलली. खोकला मागे पडला. तिने कपाटातून पत्त्यांचा जुना कॅट काढला आणि पहिल्याच दिवशी दादाला सलग हरवलं. दादा म्हणाला, "पाने वाटण्यात अनियमितता झाली आहे." आई म्हणाली, "अनियमितता तू लहानपणी अंथरुणात करायचास. चांगला दुसरीत जाईपर्यंत." वहिनींनी ही माहिती प्रथमच ऐकली. त्या इतक्या हसल्या की थर्मामीटर चढल्याचा मला भास झाला. आमच्या हिला आईने काज करायची एक जुनी पद्धत शिकवली. पुतणीला आईने स्वतः तिच्या वयाची असताना केलेल्या चोरटेपणाचे असे काही किस्से सांगितले की ते मी इतिवृत्तातून वगळले. बाबा गेल्यापासून आई एवढं बोललेली मला आठवत नाही. हीटरचं तिने पुन्हा नावही काढलं नाही.

आता गुण्यागोविंदाने चाललेल्या गोष्टीला कोणी हरकत घेत नाही, असं तुम्हाला वाटेल. तुमचा लेखापरीक्षणाशी संबंध आलेला दिसत नाही.

हरकत वहिनींनी काढली. त्या घरी बसून भाषांतराची कामं करतात, पानावर पैसे. महिन्याच्या शेवटी त्या दादासमोर उभ्या राहिल्या. "हे बघा, मला आईंजवळ बसायला काही नाही. पण त्या बोलतात आणि माझं काम होत नाही. या महिन्यात पानं निम्म्यावर आली. हा तोटा कुठल्या सदरात टाकायचा तेवढं सांगा."

दादा चपापला. मनुष्यबळाचं मूल्य धरायचं राहूनच गेलं होतं! असली चूक तो इतरांच्या हिशेबात चुटकीसरशी पकडतो. त्याने लगेच बैठक बोलावली, अर्थातच आईच्या खोलीत, आणि प्रत्येकाच्या तासाचा दर ठरवला. वहिनींचा पानांवरून, हिचा शिवणावरून, माझा विमा कचेरीतल्या पगारावरून. पुतणीला विद्यार्थी म्हणून निम्मा दर लावला. दादाचा दर सगळ्यांत जास्त निघाला, कारण तो दादानेच काढला. वर चहा धरला, कारण बसलेल्या माणसाला चहा लागतो. दिवा धरला, कारण गप्पा मारणारी आई उशिरा झोपते. आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिच्या हातात पत्ते होते. आमचा डाव अर्धा राहिला होता.

हिशेब पुरा झाल्यावर दादाने तो दोनदा तपासला. एका माणसाने एक तास बसून जी ऊब दिली, तिच्या पैशात हीटर कित्येक तास चालला असता.

"याचा अर्थ," दादा गंभीरपणे म्हणाला, "आईजवळ बसणे हा उबेचा सर्वांत खर्चिक प्रकार आहे."

आकड्यांपुढे कोणाचं काय चालणार? 'मातोश्रींच्या खोलीतील मनुष्यबळ तत्काळ काढून घेण्यात यावे व हीटर कोणत्याही मर्यादेविना चालवण्यात यावा,' असा ठराव एकमताने झाला. धाकटीने फोनवर टाळ्या वाजवल्या. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते!" ती म्हणाली, आणि तिचा हिस्सा त्याच दिवशी आला. असं याआधी कधी घडलेलं नाही.

तेव्हापासून आईच्या खोलीत कशाची कमतरता नाही. हीटर रात्रंदिवस सुरू असतो. फटसुद्धा बुजवली. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी आमचं कौतुक केलं. दारावर दादाने सूचना लावली आहे: 'विनाकारण दार उघडू नये. ऊब वाया जाते.' आम्ही सगळे ती कटाक्षाने पाळतो. जेवणाचं ताट आत देतानासुद्धा आमची ही दार हातभरच उघडते.

परवा संध्याकाळी थर्मामीटरची नोंद घ्यायला मी आत गेलो. आई पलंगावर बसली होती. अंगावर शाल नव्हती. समोर तिने पत्ते चौघांसाठी वाटून ठेवले होते आणि चारी हात ती स्वतःच खेळत होती.

"दार लाव आधी," ती म्हणाली. "पैसे चाललेत बाहेर."

मी दार लावलं. "आई, थंडी वाजत नाही ना?"

"छे रे. घाम येतोय."

"मग झालं तर," असं म्हणून मी आकडा लिहून घेतला आणि निघालो.

"थांब जरा. तुझा तासाचा दर किती ठरला होता रे?"

मी सांगितला. आईने उशीखालून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली. आत बाबांच्या पेन्शनमधल्या काही नोटा होत्या. तिने त्या बोटाला थुंकी लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"अर्धा तास मिळतो का? की पुराच घ्यावा लागतो?"

"आई! काय बोलतेस हे?"

"अरे, घासाघीस नाही करत मी. तुमचं नुकसान कशाला? पण एक डाव अर्ध्या तासात होतो, म्हणून विचारलं." तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि नोटा पुन्हा रुमालात ठेवू लागली. "राहू दे. नातीला पाठव. तिला निम्मा दर आहे ना? तू नाही रे परवडत मला."

मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होतो आणि दार किंचित उघडं राहिलं होतं, हे लक्षात येताच मी बाहेर आलो आणि ते घट्ट लावून घेतलं.

दादाला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. आपला दादा रडणार, असं मला वाटलं आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ती आगाऊ देईल का?" दादाने विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! जरूर म्हणा, इतिवृत्तात घेतो. फक्त हे सगळं वाचेपर्यंत तुमचा बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ तुम्हीही बसल्या जागी शंभर वॅटने कुठलीतरी खोली तापवत होता. त्या खोलीत तुमच्याशिवाय दुसरं कोणी आहे का, जरा मान वर करून बघा. नसेल तर तुमचा दर कळवा. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आहे. घासाघीस करत नाही.